न मोजता मारलेली उडी

"विश्वास हा माणसाच्या आयुष्याचा पाया आहे. ज्या घरात संशय शिरला, ते घर संपलं म्हणून समजा," असं तराजूकाकांनी शुक्रवारी सकाळी, चहाचा कप हातात धरून, घरातल्या एकमेव श्रोत्याला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं. मग कप खाली ठेवून त्यांनी नुकतीच आलेली दुधाची पिशवी उचलली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, आकडा वाचला, पिशवी उलटी करून पुन्हा ठेवली, पुन्हा आकडा वाचला आणि म्हणाले, "आज बरोबर भरली. काहीतरी गडबड आहे."

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली मेणाची गोळी शोधण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून शिक्का, प्रमाणित वजनांची पेटी आणि ओळखपत्र रीतसर परत घेतलं. नजर परत घ्यायची तेवढी राहून गेली. ती नजर घेऊन काका आता घरी बसत, आणि घरात तपासण्यासारखं फार काही नसल्यामुळे माणसं तपासत. त्यांना तराजूकाका हे नाव कुणी दिलं ते कळलेलं नाही. देणाऱ्यानं ते प्रेमानं दिलं असावं असं काकू म्हणतात. काकांचा त्यावर विश्वास नाही.

पण त्या सकाळच्या विश्वासाच्या प्रवचनाला कारण होतं. भूमापकाचा सहावा भाग त्या दिवशी लागत होता.

भूमापक म्हणजे काकांच्या मते सिनेमाच्या पडद्यावर अवतरलेला एकमेव खरा नायक. हा सरकारी नोकर. त्याला कुठल्यातरी ओसाड मुलखाची मोजणी करायला पाठवतात, आणि मोजता मोजता तो गाडलेली शहरं, शापित खजिने, पेटलेले डोंगर असल्या भानगडींत सापडतो. इतर सिनेमांतले नायक दरी दिसली की उडी मारतात. हा आधी टेप काढतो. पलीकडच्या बुंध्यावर फास टाकतो, अंतर घेतो, ओठांतल्या ओठांत हिशेब करतो, चार पावलं मागे येतो आणि मग उडी मारतो. मागून भाले येत असले तरी. पहिल्या भागात हा प्रसंग पाहिला तेव्हा काका भर थिएटरात उभे राहिले होते. शासकीय सेवेचा असा गौरव त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. भूमापकाच्या सोबतीला एक एककानी खेचर. ते सामान वाहतं, वेळप्रसंगी लाथ घालतं आणि पाचही भागांत त्याला बढती मिळत नाही. त्यामुळे तेही काकांना आपलंच वाटे.

पाचही भाग काकांनी लेकीबरोबर पाहिले होते. पहिल्या वेळी ती एवढीशी होती. खुर्चीत मागे टेकली की तिचं वजन कमी पडून खुर्चीची बैठक मिटायची आणि पोरगी घडी होऊन आत जायची, म्हणून काका एक हात त्या बैठकीवर दाबून धरून बसले होते. चौथा भाग परीक्षेच्या तोंडावर पाहिला, काकूंचा विरोध डावलून. पाचवा तिच्या लग्नाआधी. मग मध्ये इतका काळ गेला की लेक मोठ्या हुद्द्यावर चढली आणि काकांचे गुडघे उतरले. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. यायची, नाही असं नाही. पण आली की एक डोळा घड्याळावर असायचा, आणि काकांना घड्याळावरचा डोळा लगेच दिसायचा.

सहाव्या भागाची बातमी आली तशी लेकीनं आपणहून फोन केला होता. रविवारी येते, आई, तुम्ही आणि मी, तिघं जाऊ, तोवर कुणी पाहायचा नाही, असं ठरलं. काका खूश झाले. इतके खूश झाले की त्यांनी विचारलं, "नक्की ना? तू तिकडे परस्पर पाहून टाकणार नाहीस?"

"नक्की, बाबा," लेक म्हणाली.

पण म्हणण्याआधी ती थांबली. फार नाही, तराजूचा काटा स्थिर होण्याआधी एकदा थरथरतो, तेवढीच. सामान्य बापाला ते कळलंही नसतं. काकांनी फोन ठेवला, खिडकीशी गेले आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "काय झालं?"

"थांबली," काका म्हणाले.

"कोण?"

"तुझी लेक. 'नक्की'च्या आधी."

काकूंनी दीर्घ श्वास घेतला. लग्न झाल्यापासून त्या असे श्वास घेत आल्या होत्या. "तोंडात घास असेल," त्या म्हणाल्या. ही शक्यता काकांनी नोंदवून घेतली आणि फेटाळली. तर शुक्रवारची ती विश्वासाची थोरवी काका खरं म्हणजे स्वतःलाच ऐकवत होते.

आधी तिकिटं काढायची होती. तिकिटं फोनवरून काढता येतात असं सगळे सांगतात, तेव्हा काकांनी फोन घेतला. चित्रपट निवडला, रविवार निवडला, तीन खुर्च्या निवडल्या, आणि मग फोननं त्यांना आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सिद्ध करायला लावलं, त्यांना हा अपमान होता. तरी ते बसले. नऊ चौकोनांतून पूल असलेले चौकोन निवडायचे होते. एका चौकोनात पुलाच्या कठड्याचा केसभर तुकडा आला होता. कठडा पुलात धरायचा की नाही? एका चौकोनात नुसती पुलाची सावली होती. नियम कुठंच दिलेला नव्हता. काकांनी कठडा धरला, सावली वगळली. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्या खेपेला त्यांनी सावली धरली, कठडा वगळला. तिसऱ्या खेपेला फोननं पूल सोडून आगीचे बंब दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काकांनी चप्पल घातली आणि सरळ थिएटर गाठलं.

तिकीट खिडकीतला कारकून काचेमागे होता. काकांनी त्याला विचारलं की सिनेमा अडीच तासांचा लिहिलाय तो जाहिराती धरून की वगळून. कारकून म्हणाला, अडीच तास. काका म्हणाले, ते वाचता येतंय, पण माल निव्वळ किती आणि वेष्टण किती? कारकुनानं त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या मागे वाढत चाललेल्या रांगेकडे पाहिलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, वजन करून देऊ का सिनेमा?" लोक हसले. काकांनी तिकिटं घेतली आणि मागे न बघता चालू लागले. अशा वेळी मागे बघितलं की तोंड आठवतं, आणि तोंड आठवलं की राग टिकतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

आता रविवारपर्यंत फक्त एकच करायचं होतं: काही कळू द्यायचं नाही. सिनेमाची गोष्ट कानावर पडू द्यायची नाही, बस्स. काकांना वाटलं, यात काय अवघड आहे.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. यांनी आयुष्यभर ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना ऐकवलं, आणि आता तो वर्ग सुटल्यामुळे ते जिन्यात थांबतात. शुक्रवारी दुपारी काका जिना चढत असताना प्राध्यापक उतरत होते.

"पहिला खेळ पाहून आलो," प्राध्यापक म्हणाले.

काकांनी दोन्ही कान दाबले. प्राध्यापकांनी त्यांचा एक हात अलगद कानावरून काढला. "मी काही सांगणार नाही हो. गोष्ट फोडणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. फक्त एवढंच सांगतो, रुमाल ठेवा जवळ." आणि ते खाली निघून गेले.

रुमाल. काका उरलेला जिना एकेक पायरी थांबत चढले. रुमाल म्हणजे कुणीतरी जाणार. भूमापक जाणार नाही, कारण सातव्या भागाच्या बातम्या आत्ताच पेपरात होत्या. मग राहिलं कोण? घरात आल्या आल्या त्यांनी काकूंना सांगितलं की खेचर जातं. काकू म्हणाल्या, कुठं जातं? काका म्हणाले, वर. काकू म्हणाल्या, प्राध्यापकांना कायमची सर्दी आहे, ते लग्नालाही रुमाल ठेवा म्हणतील. पण काकांचं मन थाऱ्यावर नव्हतं. खेचर जाणार हे दुःख होतंच; त्याहून मोठं दुःख असं, की ते आता रविवारी लेकीच्या शेजारी बसून पहिल्यांदा कळणार नव्हतं. चिठ्ठी उघडून वाचून पुन्हा डकवल्यासारखं झालं होतं.

यापुढे गाफील राहायचं नाही असं ठरवून काकांनी कानात कापूस घातला. कापूस घालून ते दाढी करायला केशकर्तनालयात गेले, ही चूक. कारण दाढी करताना न्हाव्यानं आधी एका कानातला आणि मग दुसऱ्या कानातला कापूस, काही न विचारता, ग्राहकसेवा म्हणून काढून टाकला आणि वस्तरा गळ्याशी टेकवून म्हणाला, "काका, भूमापक पाहिला का?"

गळ्याशी वस्तरा असताना माणूस मान हलवू शकत नाही. काकांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. न्हाव्याला ते हो वाटलं. "मग तो पुलाचा सीन," तो म्हणाला, "काय अंगावर येतो. म्हणजे ती बाई जेव्हा..." इथं वस्तरा धुवायला तो वळला आणि काका खुर्चीतून उठले. गळ्याला टॉवेल, अर्ध्या गालावर साबण. न्हावी म्हणाला, "अहो काका, एक बाजू राहिली." काका रस्त्यावर होते. ते तसेच घरी आले. वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांनी वाट दिली. दार काकूंनी उघडलं, एका गालाकडे पाहिलं, दुसऱ्या गालाकडे पाहिलं आणि आरसा आणून दिला. उरलेली बाजू काकांनी घरीच केली. त्या बाजूचा कल्ला जरा वर गेला, त्यामुळे पुढचे काही दिवस त्यांचा चेहरा डावीकडे कललेला दिसत होता.

पण पूल आहे, आणि पुलावर एक बाई आहे, हे आता कळलंच. कुठली बाई?

त्या संध्याकाळी काकांनी लेकीला फोन केला. फोन बंद. अर्ध्या तासानं केला. बंद. जावयाला केला. त्याचाही बंद. काकांनी थिएटरातून आणलेलं वेळापत्रकाचं पत्रक चष्मा लावून पाहिलं. संध्याकाळचा खेळ चालू होता. ते पत्रक त्यांनी काकूंच्या पुढे ठेवलं आणि त्यावर एक बोट ठेवलं.

काकू म्हणाल्या, "ऑफिसात असतील."

"दोघंही? एकाच वेळी? दोन वेगळ्या ऑफिसांत?"

"मग घरी असतील आणि तुम्ही छळाल म्हणून बंद केले असतील."

ही शक्यता काकांनी नोंदवूनही घेतली नाही. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास लेकीनं स्वतः फोन केला. मीटिंग होती म्हणाली. काकांनी काहीच विचारलं नाही. खात्यात एक पद्धत होती: दुकानदाराला थेट विचारायचं नाही, साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, चुकीचं काहीतरी बोलायचं आणि तो काय दुरुस्त करतो ते बघायचं. त्यामुळे काका सहज बोलावं तसं बोलले, "अगं, ऐकलंस का, या भागात म्हणे खेचर बोलतं."

लेक हसली. "काहीतरीच. खेचर कसं बोलेल, बाबा?"

काकांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, डावीकडे थोडा जास्त. "पाहिला तिनं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"खेचर बोलत नाही हे तिला ठाम माहीत आहे."

"खेचर बोलत नाही हे मलाही माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मी पाहिला का?"

काकांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेनं पूर्वी होलसेल बाजारातली मोठी मोठी दुकानं अकाली शटर ओढत. काकूंनी ती नजर तशीच परत केली आणि भांडी आवरायला गेल्या. भूमापकाच्या पाचही भागांत त्या मध्यंतरानंतर झोपल्या होत्या. त्यांनी चोरून सहावा पाहणं म्हणजे चोरानं पहाऱ्याची नोकरी मागण्यासारखं होतं. काकूंवरचा आरोप काकांनी मागे घेतला. लेकीवरचा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, पाहिला तर पाहिला. एवढं काय त्यात? असं काकूही म्हणाल्या. काकांनी आयुष्यभर जे मोजलं ते सगळं पुन्हा मोजता येण्यासारखं होतं. साखर पुन्हा मोजा, तेल पुन्हा मोजा, फरक पडत नाही. पण एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहणं एकदाच होतं, आणि ते लेकीनं दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून संपवलं असेल, तर रविवारी काकांच्या शेजारी जे बसणार होतं ते वेष्टण होतं. आत काही नव्हतं. हे सगळं त्यांनी काकूंना सांगितलं नाही. "माल बदलून देताहेत," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी काकांना एक अडचण जाणवली. समजा, रविवारी लेक नुसती नाटक करत बसली. दचकायच्या जागी दचकली, रडायच्या जागी रडली. ती जागच्या जागी दचकते आहे की आधीच तयारी करून दचकते आहे, हे कळायला दचकायची जागा आधी ठाऊक हवी. ज्याला खरं वजन माहीत नाही, तो खोटं वजन पकडणार कसा? नमुना तपासल्याशिवाय खटला उभा राहत नाही. हा विचार काकांनी दोनदा उलटसुलट करून पाहिला, आणि दोन्ही बाजूंनी बरोबर भरला, तेव्हा त्यांनी कपडे केले.

"डोळे तपासून येतो," ते काकूंना म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं, डोळे वापरायचेच होते.

"टोपी कशाला?" काकू म्हणाल्या.

"ऊन आहे."

बाहेर आभाळ भरलेलं होतं. काकूंनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि येताना डोळ्यांचं औषध आणा म्हणाल्या.

टोपी कपाळावर ओढून आणि काळा चष्मा लावून काका दुपारच्या खेळाला शिरले. पॉपकॉर्नच्या खिडकीशी त्यांना आयुष्यातला सर्वात मोठा त्याग करावा लागला. त्यांच्या हातात दिलेल्या जंगी बादलीचा तळ आतून वर उचललेला होता. बाहेरून बादली, आतून वाटी. त्यांच्या हाताला ते पकडल्याबरोबर कळलं. इतक्या वर्षांत इतकं निर्लज्ज माप त्यांना भेटलं नव्हतं. शब्द जिभेवर आले. पण काका आज गुप्त कामगिरीवर होते. त्यांनी ती बादली छातीशी धरली, विक्रेत्याला धन्यवाद म्हणाले, आणि अंधारात जाऊन बसले. ते धन्यवाद नंतर कितीतरी दिवस त्यांच्या घशात अडकून होते.

सिनेमा सुरू झाला. पहिला धक्का असा, की भूमापक आता म्हातारा झाला होता. गुडघा धरून उठत होता. काकांना बरं वाटलं. दुसरा धक्का मोठा होता. वाळवंटातली दरी आली, मागून शत्रू आले, काका टेपची वाट पाहत पुढे सरकले, आणि भूमापकानं टेप न काढता सरळ उडी मारली.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच काही वाटलेलं दिसत नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते. न मोजता! पाच भाग, एवढी वर्षं, आणि शेवटी न मोजता. पुलावरची बाई म्हणजे भूमापकाची मुलगी निघाली, मोठी झालेली, बापाशी अबोला धरलेली. आणि बापानं न मोजता उडी का मारली, तर पलीकडे ती लोंबकळत होती. हे काकांना थोडं उशिरा लक्षात आलं. मग शेवटी धरण फुटून वाळवंटात पूर आला, गेलं गेलं म्हणून ज्याच्यासाठी काकांनी अर्धा सिनेमा हुंदके गिळले होते ते खेचर पुरातून पोहत आलं, आणि त्याच्या पाठीवर बाप आणि लेक होते. काकांनी रुमाल शोधला. नव्हता. प्राध्यापकांनी सांगितलं होतं. टोपी वापरावी लागली.

ओली टोपी हातात घेऊन बाहेर येतात, तर समोर प्राध्यापक. दुसऱ्यांदा पाहायला आले होते.

"पाहिलात तर," प्राध्यापक म्हणाले.

"छे. चुकून आत शिरलो होतो. गर्दी होती, ढकलला गेलो."

"अडीच तास?"

काकांनी त्यांना खांबाआड घेतलं. कालपर्यंत सिनेमाची गोष्ट फुटू नये म्हणून ते या माणसापासून पळत होते. आता त्यांची स्वतःची गोष्ट फुटू नये म्हणून ते त्याचं कोपर धरून उभे होते. लेकीला, बायकोला, कुणालाही सांगणार नाही असं त्यांनी कबूल करून घेतलं. प्राध्यापक म्हणाले, "मला फोडणाऱ्यांचा तिटकारा आहे," आणि मंद हसले. ते हसणं काकांना बिलकुल आवडलं नाही.

घरी काकू म्हणाल्या, "डोळे लाल दिसताहेत."

"औषध घातलं डॉक्टरांनी."

"टोपीतपण?" काकू म्हणाल्या, आणि टोपी धुवायला टाकली.

रविवारी लेक वेळेवर आली. काकांना तेही खटकलं. तीन खुर्च्यांत लेक मध्ये, एका बाजूला काकू, एका बाजूला काका. ही मांडणी पहिल्या भागापासूनची. दिवे गेले आणि तपासणी सुरू झाली.

काका पडदा बघतच नव्हते. डोळ्यांच्या कडेनं ते लेक बघत होते. पहिल्या स्फोटाला ती दचकली. वेळेवर दचकली. वेळेवरच, ना आधी ना नंतर. इतकं बरोबर वजन त्यांनी फक्त तपासणीची आगाऊ खबर लागलेल्या दुकानात पाहिलं होतं. भूमापक गुडघा धरून उठला तेव्हा ती हळूच हसली, आणि हसताना तिनं एकदा काकांकडे पाहिलं. का पाहिलं? काकांनी चटकन चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. ते जरा जास्त झालं असावं, कारण तिनं पुन्हा पाहिलं. मग काकांनी आश्चर्य कमी केलं. त्यानंतर बराच वेळ एका खुर्चीत बाप लेकीकडे चोरून बघत होता, शेजारच्या खुर्चीत लेक बापाकडे चोरून बघत होती, आणि पडद्यावर कोट्यवधींचा खर्च करून उंटांची झुंज चालली होती.

ती झुंज बघत होत्या एकट्या काकू. पाच भाग झोपून काढलेल्या काकू आज पुढे सरकून, दोन्ही हात गालाला लावून बसल्या होत्या. मध्यंतरात त्यांनी उठायला नकार दिला. कुणी बोललं तर गप्प बसा म्हणाल्या. काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण या बाईला ओळखत नाही.

मध्यंतर संपलं. लेकीच्या चेहऱ्यावर अजून काही सापडलं नव्हतं. इथं काका मनातून डळमळू लागले. कदाचित तोंडात खरंच घास असेल. कदाचित मीटिंगच असेल. कदाचित ती इतके दिवस थांबली असेल, आणि खोटं माप घेऊन बसलेला माणूस या रांगेत एकच असेल. आयुष्यभर ज्यांना पकडलं त्या दुकानदारांना त्या वेळी काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. तो आता आला, आणि लवकर जाईना.

पडद्यावर वाळवंट आलं. सगळीकडे रखरखीत वाळू, थेंबभर पाण्याचा पत्ता नाही. भूमापक लांबून, अगदी ठिपक्याएवढा, धावत येत होता. दरी अजून दिसलीही नव्हती. काका अपराधाच्या विचारात इतके बुडाले होते की कालचा सगळा संताप त्यांच्या तोंडून, त्यांना न विचारता, बाहेर आला.

"आता बघा," ते पुटपुटले, "टेप काढणारच नाही. सरळ उडी."

क्षणभरानं दरी आली. भूमापकानं टेप काढली नाही. सरळ उडी मारली.

"तुम्हाला कसं कळलं?" काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"अंदाज," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच फसव्या मापाच्या बादलीतून आल्यासारखा वाटला.

लेक त्यांच्याकडे वळली आहे हे त्यांना पडद्याच्या उजेडात कळत होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. आता ती हसेल, किंवा उठून जाईल, किंवा काकूंना सांगेल. काकांनी तिन्हीची तयारी केली. टाळ्या संपल्या. वाळू उडत होती. मग त्यांच्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं, चांगलं जड, आणि ती त्यांच्या कानाशी हलक्या आवाजात म्हणाली,

"बाबा, मी जरा डोळा लावते. पूर आला की उठवा."